कूस बदलताना

परळमधल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या पलंगाच्या उशाशी एक दोनशे पानी वही सुतळीने बांधलेली होती. दिवसाची सिस्टर रात्रीच्या सिस्टरसाठी त्यात लिहून जायची आणि सकाळी रात्रीची दिवसाच्या सिस्टरसाठी. बीपी, साखर, लघवी किती मिली, पोट साफ झालं का, पेज किती वाटी गेली, कूस किती वाजता बदलली. नव्वदी ओलांडलेल्या आजींची ती वही. तीत एका पहाटेची नोंद अशी होती: ‘४ वाजता पाठ बदलली. पेशंट नको आता, सोडवा मला असं म्हणत होती. कोऑपरेट करत नाही.’ आणि लगेच खालच्या ओळीत लघवीचा आकडा. ही नोंद मनातून जात नाही. लिहिणारी बेफिकीर नव्हती. तिने वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, एवढंही बहुतेक ठिकाणी होत नाही. पण अशा वाक्याचं पुढे काय करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून तिने ते तक्रारीच्या खात्यात टाकलं आणि पुढच्या कामाला लागली.

हे वाक्य मुंबईत रोज शेकडो पलंगांवर उच्चारलं जात असेल. ‘देवा, ने रे आता’, ‘किती दिवस ठेवणार आहात असं?’, ‘एक इंजेक्शन देऊन टाका सिस्टर’. ते डॉक्टरांच्या कानावर फार क्वचित पडतं. डॉक्टर येतात तेव्हा आजी केस सारखे करून घेतात, ‘बरी आहे’ म्हणतात. ते ऐकू येतं स्पंजच्या वेळी, डायपर बदलताना, पहाटे कूस बदलताना. म्हणजे ज्या वेळी शरीर दुसऱ्याच्या हातात असतं त्या वेळी. वृद्धांच्या इच्छामरणावर वकील, न्यायाधीश, डॉक्टर, तत्त्वज्ञ बोलतात, बोलायलाच हवं. पण ती मागणी ज्या कानांनी आधी ऐकलेली असते त्या नर्सचं म्हणणं या चर्चेत जवळजवळ नसतंच. ते असतं तर चर्चेची सुरुवात वेगळ्या जागेवरून झाली असती, असं मला वाटतं.

अनुभवी नर्स ‘सोडवा’ ऐकल्यावर प्रथम विचारते: कशातून? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही, तपासणीचा आहे. पहाटे चारला कूस बदलताना दुखतं, कारण गुडघे आणि कंबर महिनोन्‌महिने आखडून गेलेली असतात. पाय सरळ ओढला की सांधा नाही म्हणतो. ठरलेली पॅरासिटामॉलची गोळी कूस बदलायच्या अर्धा-पाऊण तास आधी दिली, अंगाखाली आडवी दुमडलेली चादर, म्हणजे ड्रॉ-शीट, टाकून दोघींनी मिळून उचललं, नव्वद अंशांत पूर्ण कुशीवर न लोटता तीस अंशांत कलतं करून पाठीला आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी दिली आणि टाचा अधांतरी ठेवल्या, तर तीच आजी अर्ध्या त्रासात कूस बदलू देते. एकट्या बाईने खांद्याला धरून ओढलं तर कातडी चादरीला घासते, सोलवटते आणि माकडहाडावर लाल चट्टा उमटतो. बोटाने दाबल्यावर तो चट्टा पांढरा पडला नाही तर जखमेची ती पहिली पायरी असते. एअर मॅट्रेस आणली म्हणजे कूस बदलायची गरज नाही, असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे. मॅट्रेसने दोनदा कूस बदलण्यामधला वेळ थोडा वाढतो, इतकंच.

मग पोट. चार-पाच दिवस शौचाला झालेलं नसतं, खडा अडकून बाजूने पातळ झिरपत असतं आणि घरचे त्याला जुलाब समजून पोट साफ होण्याची गोळी बंद करतात. मग मूत्राशय. कॅथेटर मुडपला किंवा गाळाने भरला की पिशवीत लघवी उतरत नाही, ओटीपोट टणक होतं आणि शांत म्हातारं माणूस रात्रभर चादर ओढत, हाका मारत राहतं. मग तोंड. जिभेवर पांढरा थर, कवळी काढून ठेवल्याने आत गेलेले ओठ, औषधांनी सुकलेला घसा. मग कान. यंत्राची बॅटरी आठवडाभर संपलेली, त्यामुळे खोलीतलं प्रत्येक बोलणं आपल्याबद्दलच चाललंय असं वाटत राहतं. आणि मग लाज. ही सांगितली जात नाही. आयुष्यभर डोक्यावरचा पदर ढळू न दिलेल्या बाईचं ढुंगण रोज नवी, बावीस वर्षांची मुलगी पुसते, आणि पुसताना फोनवर बोलत असते. नर्सिंग ब्युरोतून आठवड्याला तीन वेगवेगळ्या बाया येण्याऐवजी एकच मावशी यायला लागली, पडदा ओढून, ‘आजी, आता इथे हात लावते हं’ असं सांगून काम करू लागली, तरी ‘सोडवा’ म्हणण्याचं प्रमाण कमी होतं. ज्यांनी या कामात वर्षं काढली आहेत त्यांना हे सांगावं लागत नाही.

आणि हे सगळं नीट केल्यावरही काही जण म्हणतातच.

त्यांच्याबद्दल बोलायला हवं. २०१७ च्या डिसेंबरात गिरगावात ठाकूरद्वारला राहणाऱ्या एका वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली होती. दोघांनाही कुठला प्राणघातक आजार नव्हता. मूलबाळ नव्हतं. अंथरुणाला खिळण्याआधी, कुणाच्या हातात जाण्याआधी, दोघांना बरोबर जायचं होतं. तेव्हा पेपरांत, टीव्हीवर बरंच आलं आणि विरलं. त्यांच्या मागणीला आपल्या कायद्यात उत्तर नव्हतं, आजही नाही. कॅन्सरचं माणूस एका टप्प्यानंतर वेगाने उतरतं, घरच्यांना कळतं, डॉक्टर ‘आता काही महिने’ असं म्हणू शकतात. जर्जर म्हातारपणाला असा उतार नसतो. एक पडणं, एक न्यूमोनिया, लघवीचा एक जंतुसंसर्ग, आणि प्रत्येक वेळी माणूस परत येतं, फक्त आधीच्यापेक्षा एक पायरी खाली. आधी संडासापर्यंत चालायचं, मग कमोडच्या खुर्चीपर्यंत, मग बेडपॅन. अशा माणसाला किती महिने उरलेत, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्याने सहा महिन्यांच्या आत (मज्जासंस्थेच्या आजारांत बारा) मृत्यू अपेक्षित असण्याची अट घातली होती. त्या मापात निव्वळ म्हातारपण बसत नाही. नेदरलँड्समध्ये अशी मुदतीची अट नाही आणि डोळे, कान, सांधे, तोल असं एकेक करत सगळंच गेलेलं असणं हेसुद्धा असह्य वेदनेचं कारण म्हणून तिथे ग्राह्य धरलं जातं.

आपल्याकडे या विचाराला मोठं वळण मिळालं ते परळलाच, आणि एका नर्सच्याच पलंगापाशी. अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयात हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने त्या गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षं केईएमच्या नर्सच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. कोर्टाने नेमलेल्या डॉक्टरांनी अहवालात लिहिलं होतं की इतकी वर्षं पडून असूनही अंगावर एक बेडसोअर नाही. यात काय आहे हे हे काम करणाऱ्यालाच कळेल. दर दोन-तीन तासांनी एकदा कूस, आणि हे दशकानुदशकं, सणासुदीला, संपात, पावसात लोकल बंद पडलेल्या दिवशीसुद्धा. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं अन्न थांबवायची याचिका फेटाळली, आणि फेटाळताना असं म्हटलं की त्यांचे खरे जवळचे कोण, तर याचिका करणाऱ्या लेखिका नव्हेत, केईएमचे कर्मचारी. आणि नर्सचं म्हणणं होतं, तिला जगू द्या.

या निकालाबद्दल मनात दोन्ही बाजू आहेत आणि त्या तशाच राहतील. एकीकडे, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अंग पुसणाऱ्या, भरवणाऱ्या हातांना जवळचं नातं मानलं. दुसरीकडे, सांभाळणाऱ्यालाही सांभाळायची सवय लागते. ज्या माणसाला आपण रोज भरवतो त्याचं जाणं हे आपलं हरणं वाटू लागतं. अरुणाताईंना स्वतःचं म्हणणं सांगता येत नव्हतं. जी आजी सांगू शकते तिच्याबाबतीत नर्सची माया तिच्या शब्दांच्या आड येत नाही ना, हे नर्सनेच पाहायला हवं. ‘असं अभद्र बोलू नये आजी, शंभर वर्षं जगाल’ हे आपण प्रेमानेच म्हणतो, आणि आजी गप्प होतात. गप्प झाल्या म्हणजे त्यांचं समाधान झालं असं नाही.

९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरणं हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता मिळाली. २४ जानेवारी २०२३ ला पद्धत सोपी झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, न्यायदंडाधिकाऱ्याकडे सहीला जावं लागत नाही. लिव्हिंग विलची प्रत पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवता येते. मात्र हे सारं आहे ते उपचार थांबवण्याबद्दल किंवा सुरूच न करण्याबद्दल. कुणी मुद्दाम औषध देऊन मरण आणलं तर तो गुन्हाच आहे, मागणी कितीही स्पष्ट असली तरी. आणि घरात पडून असलेल्या जर्जर माणसाला थांबवायला असतं काय? व्हेंटिलेटर नाही, डायलिसिस नाही. बंद करायचं बटणच नाही. म्हणून घरोघरी लोकांना वाटतं की हा कायदा आयसीयूतल्यांसाठी आहे, आमच्या आईचा त्याच्याशी संबंध नाही. इथे मात्र लोकांची मोठी गफलत होते, कारण जर्जर माणसाच्या आयुष्यात बटण नसलं तरी एक नळी येते.

राइल्स ट्यूब. आजी खाईनाशा झाल्या, घास गालात धरून बसतात, पाणी पिताना ठसका लागतो. फिजिशियनना फोन, ‘आरटी टाकून घ्या’, आणि अर्ध्या तासात नाकातून नळी जाते. ती टाकण्याचा निर्णय इतक्या चटकन होतो की तो निर्णय होता हेही कुणाच्या लक्षात येत नाही. मग दर दोन-तीन तासांनी दीड-दोनशे मिली गाळलेलं अन्न, आधी नळी जागेवर आहे का ते तपासायचं, उशाकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंशांत उचललेली, भरवून झाल्यावर तीस मिली पाणी, आणि पुढे निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. खिचडी नीट गाळली नाही तर नळी तुंबते. आजी नाकाला हात लावतात, नळी उपसतात, मग ती पुन्हा टाकताना रक्त येतं, आणि तिसऱ्या वेळी कुणीतरी ओढणीने त्यांचे हात पलंगाला बांधतं. स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यात या नळीने आयुष्य वाढत नाही, अन्न फुप्फुसात जाणंही थांबत नाही, कारण स्वतःची लाळ आणि पोटातून वर येणारं तर येतच राहतं. जगभरच्या वृद्धवैद्यकात हे आता मान्य आहे. त्याऐवजी हाताने भरवायचं. बसतं करून, हनुवटी किंचित खाली, चहाच्या चमच्याने अर्धा चमचा, गिळल्याचं गळ्याकडे पाहून खात्री, मग पुढचा. चार चमचे गेले तर चार. दाट केलेली पेज पातळ पाण्यापेक्षा सुखाने उतरते. यात वेळ जातो, वजन उतरतं, आणि सुनेला शेजारीण विचारते, ‘उपाशी ठेवलंत का हो?’

हे विचारणं घरच्यांना कापून काढतं. अन्न हा आपल्याकडे मायेचा शेवटचा धागा आहे आणि तो सोडायला मन धजत नाही. पण स्वतःहून अन्न सोडण्याला आपल्या परंपरेत जागा नव्हती असंही नाही. प्रायोपवेशन आपल्याला ठाऊक आहे. सावरकरांनी दादरच्या घरी अन्न-औषध थांबवलं आणि २६ फेब्रुवारी १९६६ ला ते गेले. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला तेच केलं. मोठ्या माणसाने केलं की आपण हात जोडतो, आणि घरातल्या म्हातारीने तोंड मिटून घेतलं की तिला हट्टी म्हणतो. अर्थात प्रत्येक मिटलेलं तोंड म्हणजे संकल्प नव्हे. आधी छाले पाहायचे, कवळी पाहायची, उदासीचा आजार पाहायचा, औषधांची यादी पाहायची. पण सगळं पाहून झाल्यावर, शेवटच्या दिवसांत शरीराला भूक नसते हे घरच्यांना कुणीतरी बसून सांगायला लागतं. तेव्हा सलाइन लावलं तर ते पायात आणि फुप्फुसात साठतं, घशात घरघर वाढते. तहान भागते ती ओठांवर फिरवलेल्या ओल्या कापसाने, थोड्या थोड्या वेळाने, आणि ओठांना लावलेल्या व्हॅसलिनने.

मॉर्फिनबद्दलची भीती याहून खोल आहे, आणि ती घरच्यांइतकीच नर्सना आहे. २०१४ मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त केंद्रांना ते ठेवणं सोपं झालं, तरी जर्जर माणसाचा दम लागणं आणि दुखणं बहुतेक घरांत नुसत्या पॅरासिटामॉलवर निभावतं. अडीच मिलिग्रॅमपासून तोंडाने सुरुवात करतात, किडनी मंद असेल तर दोन डोसांतलं अंतर वाढवतात, आणि सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध देतात. ते विसरलं की आठवड्याने आजी पुन्हा ‘सोडवा’ म्हणतात, आणि दोष मॉर्फिनवर जातो. अशा मापात दिलेलं औषध मरण जवळ आणत नाही. पण शेवटच्या तासांत श्वास अर्धा मिनिट थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो. आणि कुठला तरी एक डोस शेवटचा असतोच. तो ज्या सिस्टरच्या हातून गेला ती पुढे कित्येक रात्री स्वतःला विचारत राहते, ‘माझ्यामुळे तर नाही?’ तिला कुणी उत्तर देत नाही, कारण तिने विचारलंय हेच कुणाला माहीत नसतं. जिथे वेदना शमवणं आणि मरण आणणं यातली रेघ शिकवलेली नसते तिथे नर्स भीतीपोटी कमी औषध देतात. त्याची किंमत पलंगावरचं माणूस चुकवतं.

इंजेक्शनचा कायदा इथे आज यावा असं मला वाटत नाही. कारण धार्मिक नाही. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत म्हातारीला मनातलं बोलायला जागाच नाही. पलंग दाराशी, मधे पडदा, पलीकडे नातवाची दहावी. सून ऐकतेय, मुलगा ऐकतोय, ब्युरोचं बिल टेबलावर आहे. अशा खोलीत ‘मला जायचंय’ यातलं किती तिचं स्वतःचं आणि किती सुनेच्या कंबरदुखीपायी म्हटलेलं, हे दोन भेटींत येऊन जाणाऱ्याला कळणार नाही. दुपारी सून नातवंडाला आणायला शाळेत जाते तेव्हा मावशीजवळ आजी जे बोलतात ते संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलतात त्याहून वेगळं असतं. कधी दुपारी मरण मागतात आणि संध्याकाळी नाही, तर कधी नेमकं उलट. परवडणारी मदत, वेदनेवर हात फिरवणारी व्यवस्था, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या वांद्र्याच्या शांती आवेदना सदनासारख्या जागा जर्जर वृद्धांसाठीही पुरेशा, हे आधी यावं. यावर मला कुणी विचारेल, तोवर त्या ठाकूरद्वारच्या जोडप्यासारख्यांनी काय करायचं? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ‘आधी सेवा सुधारू’ हे त्यांना दिलेलं उत्तर होत नाही हेही मला दिसतं.

पण कायदा येवो न येवो, एक गोष्ट आजही करता येण्यासारखी आहे. कॅनडात २०१६ पासून नर्स प्रॅक्टिशनरना अशा मागणीचं मूल्यमापन करण्याचा आणि औषध देण्याचाही अधिकार आहे. तो आपल्या मागणीत बसत नाही. मला बेल्जियमच्या २००२ च्या कायद्यातलं एक साधं कलम जास्त मोलाचं वाटतं. रुग्णाच्या नित्य संपर्कात नर्सची तुकडी असेल तर डॉक्टरने त्या मागणीबद्दल तिच्याशी बोललंच पाहिजे. आपल्याकडे उपचार थांबवायचे का यावर मत देणारी दोन वैद्यकीय मंडळं आहेत, प्राथमिक आणि दुय्यम, दोन्हींत निदान तीन-तीन डॉक्टर. सहांपैकी एकानेही आजींना पहाटे चार वाजता पाहिलेलं असेल असं नाही. २०११ मध्ये ज्यांना कोर्टाने खरे जवळचे म्हटलं त्यांचा पुढच्या पद्धतीत उल्लेखही राहिला नाही.

घरी शांतपणे मरण यावं म्हणून आधीपासून तयारी लागते तीही नर्सनेच सांगायची असते. ओळखीच्या डॉक्टरांशी बोलून ठेवा की रात्री तीनला गेल्या तरी ते येऊन ४ अ चा फॉर्म, म्हणजे घरी झालेल्या मृत्यूचं कारण सांगणारा दाखला, भरून देतील. नाहीतर घाबरून १०८ बोलावली जाते, जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नाही म्हणून देह खुर्चीत बांधून उतरवतात, कॅज्युअल्टीत ‘ब्रॉट डेड’ लिहिलं जातं, आणि पोलीस चौकशी, कधी कधी पोस्टमॉर्टेमही नशिबी येतं. लिव्हिंग विलची प्रत कपाटात सोन्याबरोबर ठेवू नका, औषधांच्या डब्यात ठेवा. ‘हृदय थांबलं तर छाती दाबायची नाही’ हे डॉक्टरांच्या सहीने फाइलच्या पहिल्या पानावर हवं. आयसीएमआरने २०२० मध्ये त्याचा नमुनाही दिला आहे.

मंडळांनी मत द्यायचं ते शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत. अठ्ठेचाळीस तास म्हणजे बारा-बारा तासांच्या चार ड्युट्या. त्या चार ड्युट्यांवर जी असेल, मग ती नर्सिंगची जीएनएम पदविका घेतलेली सिस्टर असो नाहीतर कोकणातून आलेली, कागदोपत्री काहीच न शिकलेली मावशी, तिला मंडळाने दहा मिनिटं समोर बसवून विचारावं. आजी काय म्हणाल्या, त्यांच्याच शब्दांत. किती वाजता. तेव्हा तुम्ही काय करत होतात. खोलीत अजून कोण होतं. दुखणं कमी असताना म्हणाल्या की जास्त असताना. दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाल्या का. हेच सहा प्रश्न लघवीच्या आकड्याच्या शेजारी एक रकाना आखून रोजच्या वहीतही लिहिता येतील. त्यासाठी कुठल्याही निकालाची वाट पाहायची गरज नाही, फक्त सकाळी वही उघडणाऱ्या डॉक्टरांनी तो रकाना वाचायला हवा आणि वाचल्याची सही करायला हवी.